ड्रॅगनच्या सालचं पोर

व्हिएतनामी भाषेत लुत म्हणजे पूर. दप्तरात नाव घालायची वेळ आली तेव्हा कारकुनाने विचारलं, "पोराचं नाव?" खुएबाईंनीच त्याला पाण्यातून आपल्या माळ्यावर ओढून घेतलं होतं. त्या फारसा विचार न करता म्हणाल्या, "लुत लिहा." हे नाव त्याला पुढे कधी खटकलं नाही. होई आनमध्ये त्या नावाचे आणखी दोघे-तिघे होते. पण ते पुराच्या दिवसांत जन्मलेले होते, आणि हा पुरातून आलेला होता.

तो पूर बारा प्राण्यांच्या पंचांगातल्या ड्रॅगनच्या वर्षीचा. गावातली म्हातारी माणसं अजून त्याला तसंच म्हणतात. थू बोन नदी डोंगरातून जी सुटली ती वरची गावंच्या गावं घेऊन खाली आली. घरांची छपरं, म्हशी, भाताच्या उडव्या आणि माणसं, सगळं होई आनच्या गल्ल्यांतून समुद्राकडे गेलं. खुएबाईंच्या घरात मधल्या खांबावर त्या पाण्याची खूण आहे. फणसाच्या लाकडाचा खांब, त्यावर माळ्याच्या तुळयांच्या जरा खाली त्यांनी सुरीने चीर पाडून ठेवली. नंतरही पूर पुष्कळ आले, त्यांच्या रेघा कुणी खडूने, कुणी रंगाने खाली खाली मारल्या. त्या चिरेपर्यंत मात्र कुठलंच पाणी पुन्हा चढलं नाही.

खुएबाईंनी लुतला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिलाई मशिनीच्या दुरुस्तीचं काम शिकायला घातलं, आणि एके दिवशी त्या वारल्या. त्यांची मुलगी सायगावला असे. तिने घराचा पुढचा भाग कपड्यांच्या दुकानाला भाड्याने दिला, आणि मागची खोली नि माळा लुतला राहू दिला. "तू काय, घरचाच," असं ती फोनवर म्हणाली. ते खरंही होतं आणि नव्हतंही. पितरांच्या देव्हाऱ्यात खुएबाईंचा फोटो होता, त्यांच्या नवऱ्याचा होता, सासूसासऱ्यांचे होते. एका कडेला लुतने उदबत्तीची एक वाटी वेगळी ठेवली होती. तिच्यामागे फोटो नव्हता.

लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलगी नदीच्या वरच्या अंगाची, दिसायला साधी, हसरी. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "पोरगा चांगला आहे हो. पण आमच्याकडचंच एखादं वाहून गेलेलं पोर निघालं तर? चुलतभाऊ निघाला तर?" बोलणी तिथेच मोडली. त्यानंतर लुतने तो विषय काढू दिला नाही.

करोनाच्या साली गाव रिकामं झालं. परदेशी माणसं गेली, मागोमाग शिंपी गेले, पुढचं दुकान बंद पडलं. ज्या गल्लीत संध्याकाळी चालायला वाट मिळत नसे, तिथे कुत्री आडवी पसरून झोपू लागली. लुत रोज मशिनींना तेल द्यायचा. दुरुस्तीला आलेल्या त्या मशिनी न्यायला मालक फिरकलेच नव्हते. कोपऱ्यावर नूडल्स विकणारी मुओय सोडली तर दिवसचे दिवस तो कुणाशी बोलत नसे, आणि मुओयशी बोलायची गरजच पडत नसे, कारण ती एकटीच दोघांपुरतं बोलायची.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा टीव्हीवाली एक मुलगी पुराच्या खुणा टिपायला आली. लुतने खांबावरची चीर दाखवली. तिने सहज विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"मी ह्याच पाण्यातून आलो," लुत म्हणाला. "वरून. कुठून ते माहीत नाही."

ते दोन मिनिटांचं चित्रण दाखवलं गेलं, आणि आठवड्याभरात फोन आला. बाईचा आवाज होता, म्हातारा, पण खणखणीत.

"खांबवाले तुम्हीच का?"

"हो. कोण बोलतंय?"

"ते नंतर. तुमच्या डोक्यावर भोवरे किती?"

स्वतःच्या डोक्यावरचे भोवरे कोण बघतो? फोन तसाच हातात धरून तो मुओयकडे गेला आणि तिच्यापुढे मान खाली घातली. मुओयने पळी बाजूला ठेवली, बोटाने केस चाचपले. "दोन आहेत," ती म्हणाली. "एक केसांत, एक टकलात. का रे? टकलाला भाव आलाय?"

फोनवरच्या बाईने ते ऐकलं होतं. मग म्हणाली, "मी तुयेन. तुमच्याच नदीच्या वरच्या अंगाची, नोंग सनच्याही वरची. माझा भाऊ अडीच वर्षांचा होता, लाम. त्यालाही दोन होते. मी येते."

ती यायची त्याच्या आधीचे चार-पाच दिवस लुतने कसे काढले ते मुओयने पाहिलं. त्याने माळा झाडला, मच्छरदाणी धुतली, बाजारातून नवा वाडगा आणला, मग एकच कसा आणायचा म्हणून परत जाऊन दुसरा आणला. मुओय म्हणाली, "साठीला टेकलास, बायको काही मिळाली नाही, आता म्हणे बहीण येणार." मग हळू आवाजात म्हणाली, "भोवरे माझ्या नवऱ्यालाही दोन होते. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

तुयेन आली ती भर पावसात. अंगावर प्लास्टिकचा झगा, डोक्यावर शंकूची टोपी, तोंडाला मास्क, आणि पाठीवरच्या पोत्यात पपनसं. सत्तरीची बाई, बुटकी, काटक. दारातच तिने मास्क काढला आणि लुतकडे बघत राहिली. लुतनेही मास्क काढला.

"बस जरा," ती शेवटी म्हणाली. "उभा असलास की माझा हात पोचत नाही."

तो बाकावर बसला. तिने ओले हात झग्याखालच्या सदऱ्याला पुसले आणि त्याचं डोकं हातांत घेतलं. बोटं केसांतून फिरली, एका भोवऱ्यावर थांबली, मग दुसऱ्यावर. लुत डोळे मिटून बसून राहिला. खुएबाई गेल्यापासून त्याच्या डोक्याला असं कुणी शिवलं नव्हतं. न्हाव्याची गोष्ट वेगळी.

"बाबांचे कान," ती म्हणाली. "अगदी बाबांचे." आणि ती रडली नाही. पोत्यातून एक पपनस काढून सोलायला बसली.

त्याच संध्याकाळी वॉर्डाचा भोंगा बोलू लागला. वरच्या धरणाचं पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी सामान वर चढवावं. लुतला ह्या कामाची सवय होती. त्याने माळ्याची झडप उघडली, दोर सोडला, आणि मशिनी एकेक करून बांधून दिल्या. वरून दोर ओढायला दर पुराला मुओयचा जावई यायचा. ह्या वेळी तुयेन चढली. सत्तर वर्षांची बाई, पण एकदाही दोर निसटू दिला नाही. देव्हाऱ्यातले फोटो वर गेले, चूल गेली, तांदूळ गेले. अंधार पडायच्या आत पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आणि सकाळी उठून पाहिलं तर खालच्या खोलीत ते खुर्चीच्या पाठीइतकं उभं होतं, तपकिरी आणि शांत.

दुसरा सगळा दिवस दोघं माळ्यावर होती. तुयेनने पेज शिजवली, सुक्या माशांबरोबर दोघांनी खाल्ली. मुओयचा जावई होडीतून गेला तेव्हा त्याने खिडकीखालून ओरडून विचारलं, "पाहुणीला काही हवंय का?" तुयेन म्हणाली, "पाहुणी कोण? मी बहीण आहे ह्याची." लुतच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो उगाच एका मशिनीचा पट्टा काढून परत बसवत राहिला.

दुपारी पाऊस ओसरल्यावर तिने त्या दिवसाचं सांगितलं. आपणहून सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं.

"आम्ही छपरावर होतो. आईबाबा, मधले दोघे, मी, आणि तू माझ्या पाठीवर. माझ्या गळ्यात हात घालून. मी चौदाची. छप्पर सुटलं. आईबाबा कुठल्या बाजूला गेले ते मी पाहिलंच नाही. मला बांबूचं बेट लागलं, मी धरलं. खूप वेळाने माझ्या लक्षात आलं की पाठ हलकी झालीय." ती पाण्याकडे बघत होती. "तू कधी सुटलास तेच मला कळलं नाही. ओरडलाही नसशील. तू कमी बोलायचास."

लुतचा हात मशिनीवर थांबला.

कारण त्याला स्वतःचं काही आठवत नसलं तरी खुएबाईंनी सांगितलेलं सगळं ठाऊक होतं. एक दाराची फळी वाहत खिडकीशी आली. तिला एक पोर बांधलेलं होतं. बाईच्या डोक्याच्या फडक्याने, काखेतून, कमरेवरून, परत काखेतून, तीन गाठी. खुएबाईंच्या बोटांना त्या गाठी सुटेनात. शेवटी त्यांनी फडकं सुरीने कापलं. "जिने कुणी बांधलं होतं," त्या म्हणायच्या, "तिने काही घाई केली नव्हती."

पाठीवरून निसटलेलं पोर फळीला कसं बांधलं जाईल?

एवढं बोलायचं होतं. पण तुयेन उठली होती, दुसरं पपनस घेऊन आली होती, आणि बाबा पपनसाच्या सालीची टोपी करून तुला घालायचे, ती तू काढू द्यायचा नाहीस, असं सांगत होती. लुत ऐकत राहिला. तो सबंध दिवस, आणि त्यानंतरचा अर्धाही, तो ऐकत राहिला. आपण जेवताना मांडी कशी घालायचो. आई आपल्याला कोणत्या नावाने हाक मारायची. घरामागे फणसाचं झाड होतं, त्याला आपण घाबरायचो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लहानपण मिळत होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागलं. तुयेन खुशीत होती. भात ढवळता ढवळता म्हणाली, "चांद्र दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला आमच्या गावाचं श्राद्ध असतं. त्या पुरात गेलेल्या सगळ्यांचं मिळून एकच. ह्या वर्षी सांगते, लामचं नाव यादीतून काढा म्हणून. जिवंत माणसाच्या नावाने भात ठेवायचा म्हणजे काय? इतकी वर्षं ठेवला, म्हणून तर तुझं धड काही झालं नाही. ना बायको, ना पोरं."

लुतने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे ते दुसरं पोर आलं. अडीच वर्षांचं, कमी बोलणारं, कुठल्या तरी चिखलात नाहीतर समुद्रात गेलेलं. वर्षातून एकदा कुणीतरी नावाने हाक मारतं, एक वाटी भात ठेवतं. नाव गेलं की त्याला हाक मारणारं कोण उरलं?

"ताई, नाव काढू नका."

"का?"

"तो मी नाही."

तिने पळी थांबवली. मग त्याने फळीचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. सांगून झाल्यावर त्याने मान वर केली. ती चुलीपासून सरकून भिंतीला टेकून बसली होती आणि अचानक फार म्हातारी दिसत होती.

"मी बांधलं नाही," ती म्हणाली. "माझ्याही डोक्याला फडकं होतं."

"तुम्ही चौदाच्या होता."

"तुला बांधणारी किती वर्षांची होती, माहीत आहे तुला?"



भात लागल्याचा वास आला. दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग तिने विचारलं, "काल मी सांगितलं, तेव्हाच कळलं होतं ना तुला?"

"हो."

"मग कालपासून काय गंमत बघत होतास?"

"गंमत नाही," लुत म्हणाला. "बरं वाटत होतं."

करपलेला भात दोघांनी वरवरचा काढून खाल्ला.

पाणी गुडघ्याखाली आलं की लगेच घर धुवायला घ्यावं लागतं. पाणी निघून गेलं आणि गाळ मागे बसला, तर तो खरवडून काढता काढता जीव जातो. लुत पहाटेच खाली उतरला आणि झाडूने गाळ ढवळून दाराबाहेर लोटू लागला. थोड्या वेळाने मागे दुसऱ्या झाडूचा आवाज आला. तुयेनने काष्टा मारल्यासारखा लेंगा वर खोचला होता. दुपारपर्यंत दोघांनी अख्खी खोली, मागचं अंगण, पुढच्या बंद दुकानाची पायरीसुद्धा धुऊन काढली. ह्या सगळ्यात ती एवढंच बोलली, "तिकडे कोपऱ्यात राहिलंय."

संध्याकाळच्या बसला ती निघाली. लुतने पोतं उचललं तर ते रिकामंच होतं. दारात ती म्हणाली, "पपनसं ठेवून देऊ नकोस. ओलीत लवकर सडतात." आणि गल्लीतल्या चिखलातून बाजूबाजूने चालत गेली. मुओय आपल्या पायरीवरून बघत होती. त्या दिवशी तिने लुतला काहीच विचारलं नाही, फक्त न मागता नूडल्सचा वाडगा आणून ठेवला.

त्यानंतर वादळ आलं, आणखी एक पूर आला, डोंगरात दरडी कोसळल्या आणि वरच्या रस्त्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. लुतने दोनदा फोन हातात घेतला. नंबर होता. पण काय म्हणून बोलणार? चौकशी करायचा हक्क माणसाला नात्याने मिळतो, आणि त्याने आपल्याच तोंडाने ते नातं नाही म्हणून सांगितलं होतं. पूर्वी कुणी नव्हतं तेव्हा संध्याकाळच्या वेळा निघून जायच्या. आता कुणीतरी येऊन गेलं होतं, म्हणून त्या जाईनात. माळ्यावर दोन वाडगे होते. तो एकाच वाडग्यात जेवायचा, पण धुवायचा दोन्ही.

दहावा महिना लागला तसा त्याने एक स्वच्छ सदरा पिशवीत घातला.

"बोलावलंय का तिने?" मुओयने विचारलं.

"नाही."

"मग कशाला निघालास?"

"नाव काढलं की ठेवलं, तेवढं बघून येतो."

बस जिथपर्यंत गेली तिथपर्यंत तो बसने गेला. पुढे दरडीचा चिखल होता, तिथे उतरून चालला, मग एका माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून गावात पोचला. नदी इथे दोन डोंगरांच्या मधून यायची, अरुंद आणि हिरवी. ती इतकी लहान असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. देवळाच्या पटांगणात चटया टाकल्या होत्या. बायका केळीच्या पानांवर भात, मासे, डुकराचं मटण मांडत होत्या. जमलेल्यांमध्ये बहुतेक माणसं त्याच्याच वयाची किंवा म्हातारी. तो सर्वांच्या मागे, भिंतीशी उभा राहिला. आत एक वृद्ध गृहस्थ नावं म्हणू लागले. एकेका घराची पाच, सात, नऊ अशी. काही घरांचं नाव घेऊन ते नुसतेच थांबत, कारण त्या घरातली नावं सांगायलाही कुणी उरलं नव्हतं.

तुयेनच्या घराची नावं आली. आईबापांची, मधल्या दोघांची. मग त्या गृहस्थांनी श्वास घेतला आणि म्हटलं, "लाम. वय अडीच."

लुतने तिथूनच हात जोडले आणि तीनदा वाकला.

वर पाहिलं तर तुयेन चुलीपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. ती जवळ आली. हातात पेटवलेल्या तीन उदबत्त्या होत्या.

"तुझ्याही माणसांना लाव."

"कुणाच्या नावाने लावू?"

"नावाचं राहू दे. नदीकडे तोंड कर आणि उभा राहा. त्यांना कळेल."

तो पटांगणाच्या कडेला गेला आणि उभा राहिला. मी जगलो, एवढंच सांगायचं होतं, ते त्याने मनात सांगितलं. उदबत्त्या संपून राख बोटांवर पडेपर्यंत तो तिथेच होता.

नंतर पंगत बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने तुयेनला विचारलं, "हे कोण पाव्हणे?" ती वाढता वाढता म्हणाली, "होई आनचे आहेत. मशिनी दुरुस्त करतात." आणि लुतच्या वाडग्यात माशाचा मधला तुकडा घातला. भाऊ म्हणाली नाही. त्यालाही तिने तसं म्हणावं असं वाटलं नाही, निदान त्या घटकेला तरी नाही. निघताना तिने त्याच्या पिशवीत चिकट भाताच्या चार वड्या पानात बांधून कोंबल्या. पुन्हा ये असं काही बोलली नाही. "रस्ता वाईट आहे, उजेडात जा," एवढंच म्हणाली.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बडबड्या माणूस बसला होता. बरोबर कोंबड्यांची टोपली. "कुठे गेला होतात? श्राद्धाला?"

"हो."

"तुमचं कोण गेलं त्यात?"

"माहीत नाही."

त्या माणसाला उत्तर विचित्र वाटलं असावं. तो टोपली नीट ठेवत म्हणाला, "वर नात्याचं कुणी राहतं का?"

"ओळखीची एक ताई आहे," लुत म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या गावी तो माणूस टोपली सांभाळत उतरला. बस जवळजवळ रिकामी झाली. लुत खिडकीकडे सरकला. बाहेर कापलेल्या शेतांत पाणी साचलं होतं. त्याने पान सोडलं आणि भाताची एक वडी खाल्ली, मग दुसरीही खाल्ली.